दोन जीबीचं अंगण

मच्छीमार सोसायटीत कॉम्प्युटर आला
तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं.
आता मुलगी आठवीत आहे, आणि तो
सुरू केला की आधी बराच वेळ खोकतो.

सभेत ठराव आला : नवीन घ्यावा. छत्तीस हजार.
अध्यक्ष दुधरामजींनी हिशेब तोंडीच केला,
"बोटुकली आनावी का डब्बा आनावा, तुम्हीच सांगा जी."
कोणी काही सांगितलं नाही.
चहा आला, ठराव गेला.

मग साकोलीहून हौसलाल कापगते आला, स्प्लेंडरवर.
खिशात एक स्क्रू ड्रायव्हर,
आणि बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या मशीनमधून काढलेली
मेमरीची हिरवी पट्टी, पेपरात गुंडाळलेली,
जसे आम्ही झिंगे पळसाच्या पानात बांधतो.

डब्बा उघडला. आत
धुळीची अख्खी गोधडी,
कुंभारीण माशीचं मातीचं घर
आणि पंख्याशेजारी एक वाळलेली पाल,
उबेची जागा शोधून कायमची बसलेली.
"बाप्पा!" हौसलाल म्हणाला, "हा जिता कसा राह्यला?"

खिडकीच्या गजाला हात लावून
त्यानं अंगातली वीज उतरवली.
माझ्या मुलीच्या कंपासमधलं खोडरबर मागितलं
आणि पट्टीचे पिवळे दात घासू लागला,
हलके हलके, एकाच दिशेनं.
आठवण खोडरबरानं उजळते,
हे मी त्या दिवशी पाहिलं.

ती आठवण नाही म्हणे.
त्यानं दुधरामजींना समजावलं :
"माल कोठीत असते जी, हार्ड डिस्कमंदी.
हे फक्त आंगन हाय.
जाळं सुधरवाचं तर पसरवा लागते ना?
तुमचं जाळं मोठं, आंगन एवढुसं.
एक कोपरा उघडा, दुसरा गुंडाळा,
दिवसभर हेच करे बिचारा."
दुधरामजींनी पहिल्यांदाच कॉम्प्युटरकडे
कोणीतरी बसलं आहे असं पाहिलं.

खुट्या टक्क वाजल्या. बटण दाबलं.
तीन लांब शिट्ट्या, पडदा काळा.
परत काढली, परत फुंकली, परत बसवली.
एकच शिट्टी.
बिल सहाशे पन्नास, त्यातच पेट्रोल.

आता सभासद यादी लगेच उघडते.
आधी ती उघडेपर्यंत तुळसाबाई भानारकर
पायरीवर बसून सांगायची
पहाटे मरळ कशी निसटली, सून काय बोलली,
बेशरमाची झाडं पाळीवरून कुठवर पाण्यात शिरली.
परवा पावती झटकन हातात पडली
तशी ती उभीच राहिली.
"झालं?"
"झालं."
पिशवी उचलून गेली.
कॉम्प्युटरची जागा वाढली,
तिची किती कमी झाली
हे कोणत्याच रकान्यात लिहिता येत नव्हतं.

आणि लाइन गेली की सगळं अंगण
एका फटक्यात झाडून साफ :
मत्स्य विभागाला लिहिलेलं अर्धं पत्र,
चौदा नावं, बेरीज.
पूर्वी थोडं विसरायचा, आता दोन जीबी विसरतो.

जुनी पट्टी टेबलावरच पडून होती.
तुळसाबाईनं ती बोटांवर ठेवून पाहिली,
दोन बोटं रुंद, सरळ, न वाकणारी.
"हे मले दे वं."
काळ्या दाण्यांवर चिंधी गुंडाळली
आणि पायरीवर बसली नवं जाळं विणायला.
प्रत्येक गाठ त्या पट्टीवरून घेते,
प्रत्येक घर त्याच मापाचं,
त्याहून लहान मासोळी
निसटून जावी म्हणून.